हिरवी डबी, मेटल डिटेक्टर आणि दायमाबादचा हत्ती

हा या आठवड्याच्या एपिसोडचा लिहून काढलेला अवतार. ज्यांनी ऐकलाय त्यांना इथे थोडं जास्त मिळेल, कारण रेकॉर्डिंग करताना शेजारी बोअरवेलची गाडी आली आणि कायद्याचा अख्खा भाग मी घाईत उरकला. तो इथे नीट लिहितो.

गोष्ट सुरू होते माझ्या मामेभावापासून. त्याचं नाव सांगणार नाही, त्याने तशी तंबीच दिलीय. आपण त्याला बंड्या म्हणू. बंड्याने दिवाळीच्या सेलमध्ये मेटल डिटेक्टर घेतला. यूट्यूबवर इंग्लंडमधले लोक शेतात फिरून सोन्याची नाणी काढतात, ते व्हिडिओ बघून. मामाचं गाव कोरेगावपासून जवळच. तिथे त्यांचा जुना वाडा आहे, म्हणजे अर्धा आहे. मागची बाजू पडून मातीचा ढीग झालाय, त्यावर घाणेरी माजलीय. बंड्याने तिथेच सुरुवात केली. मला रात्री साडेदहाला फोन.

"भावा, घावलं."

"काय घावलं?"

"तेच कळंना. फोटो टाकलाय बघ."

फोटोत होती एक हिरवट, तळहातात मावेल एवढी लांबट गोल डबी. झाकण गंजून बसलेलं, बाजूला छोटी कडी, कडीत साखळीचे दोनच दुवे. दुसऱ्या फोटोत झाकण उघडलेलं (स्क्रूड्रायव्हरने, देवा!) आणि आतल्या कोपऱ्यात पांढरा कडक थर.

पुढचे दोन दिवस आमच्या फॅमिली ग्रुपवर दुसरं काही चाललं नाही. मामा म्हणाले, ठासणीच्या बंदुकीची दारू ठेवायची डबी. बंड्याचं म्हणणं, मुद्रा ठेवायची, आपले पूर्वज दरबारात असणार. शेजारच्या एका काकांनी सांगितलं की ही खूण आहे, खरा माल खाली आहे, पायाळू माणूस बघा आणि अमावस्येला खणा. मी फोटो दोन ॲपमध्ये टाकला. एकाने तपकिरीची डबी सांगितली, दुसऱ्याने युरोपातली औषधाच्या गोळ्यांची डबी. चॅटबॉटला विचारलं तर त्याने पाच शक्यता दिल्या आणि पाचही इतक्या ठामपणे लिहिल्या की मलाच लाज वाटली. आमच्या कामात असला बग रिपोर्ट आला तर आम्ही परत पाठवतो.

काकांचा विषय जरा बाजूला उरकून घेतो, कारण तो गमतीचा नाही. गुप्तधनाच्या नादात आपल्याकडे लोकांनी पैसे घालवलेत, आणि त्याहून भयंकर गोष्टीही झाल्यात. डॉ. नरेंद्र दाभोलकर आपल्या साताऱ्याचेच. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. गुप्तधन शोधायच्या नावाखाली केली जाणारी अघोरी कृत्यं त्या कायद्यात गुन्हा म्हणून लिहिलेली आहेत. याचा मॉडर्न भाऊ म्हणजे 'राइस पुलर'. तांब्याचं जुनं भांडं तांदळाचे दाणे ओढतं, परदेशातली कंपनी त्याला कोट्यवधी देते, फक्त आधी टेस्टिंगचे पैसे भरा. असा कॉल आला तर फोन ठेवून द्या. आणि हो, फोनमधल्या 'मेटल डिटेक्टर' ॲपने सोनं सापडत नाही. ते ॲप फोनमधला चुंबकीय सेन्सर वापरतं, त्याला लोखंड कळतं. सोनं, चांदी, तांबं त्याच्या खिजगणतीत नाही. बंड्याच्या हातातलं मशीन वेगळं. त्यातली कॉइल बदलतं चुंबकीय क्षेत्र सोडते, त्याने जमिनीतल्या कुठल्याही धातूत वीज फिरायला लागते आणि मशीन तीच टिपतं. पण तेही नाण्याएवढी वस्तू साधारण वीतभर खोलीपर्यंतच दाखवतं.

तर शनिवारी मी पुण्याहून रेल्वेने कोरेगावला उतरलो. डबी प्रत्यक्ष बघितली आणि पहिला धक्का बसला. बंड्याने झाकण चिंच-मीठ लावून घासलं होतं. पितळ पिवळंधमक चमकत होतं. त्यावर वेलबुट्टी होती म्हणे, आता बोट फिरवलं तरच जाणवत होती. पितळ-तांब्यावर जो हिरवा थर चढतो त्याला आपण घाण समजतो. पण धातूच्या वरच्या कातडीचाच तो झालेला असतो, आणि बारीक नक्षी बऱ्याचदा त्या थरातच टिकून राहिलेली असते. आंबट पदार्थाने तो थर विरघळला की नक्षीही त्याच्याबरोबर मोरीत. सुदैवाने आतला पांढरा थर त्याने खरवडला नव्हता. कंटाळा आला म्हणून.

पांढरं म्हणजे चुना असेल, हा माझा अंदाज. म्हणजे ही पानाच्या चुन्याची डबी, जिला जुनी माणसं चुनाळं म्हणतात. टेस्ट सोपी आहे. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कडक होतो, आणि त्यावर आंबट काही टाकलं की तोच वायू बुडबुडे होऊन बाहेर येतो. टाचणीच्या टोकावर मावेल एवढा कण काढला, लिंबाचा थेंब टाकला. फेस आला. बंड्या नाचायला लागला.

पण सवय वाईट असते हो. कंट्रोल टेस्ट केल्याशिवाय आपल्याला झोप येत नाही. मी खड्ड्याच्या काठची थोडी माती घेतली आणि तिच्यावरही लिंबू पिळलं. तिलाही फेस आला, थोडा कमी. आपल्याकडच्या मातीत चुनखडीचे खडे असतात, शेतकऱ्याला विचारा. म्हणजे पांढरा थर चुना असेल किंवा पावसाच्या पाण्याबरोबर आत झिरपून बसलेली चुनखडीही असेल. टेस्ट पास झाली आणि कळलं मात्र काहीच नाही. बंड्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग मी त्याला तो प्रश्न विचारला जो पहिल्या फोनवरच विचारायला हवा होता. "हिच्यासोबत अजून काय निघालं?"

"काय नाय. भंगार."

"कुठाय ते भंगार?"

ते होतं गोठ्यात, सिमेंटच्या पोत्यात. खिळे, बिजागरी, घोड्याच्या नालेचा तुकडा, पत्र्याच्या डब्याचं झाकण. आणि तळाशी, गंजाने फुगलेली, एका बाजूला धार असलेली लोखंडी पट्टी, टोकाला मुठीसारखा बाक. मामींनी ती हातात घेतली आणि क्षणात म्हणाल्या, "अगंबाई, अडकित्त्याचा पाय हा."

"हा कुठं सापडला?" मी विचारलं.

"डबीच्या शेजारीच की. एका वितीवर. लोखंड म्हणून फेकला."

आणि खड्डा होता पडक्या सोप्याच्या कडेला, जिथे पूर्वी गडीमाणसं, पाव्हणेरावळे बसायचे. चुनाळं, अडकित्ता आणि बसायची जागा. ॲपला यातली एकच गोष्ट दिली होती, तीही घासून. बाकीच्या दोन मिळाल्या असत्या तर फोटोचीही गरज पडली नसती. कडीतल्या दोन दुव्यांचाही उलगडा झाला. साखळीच्या टोकाला चुना काढायची छोटी काडी असणार, ती गेली.

आजी मात्र हे मानायला तयार नव्हत्या. "आमच्या घरात पान कुणी खात न्हवतं," एवढं बोलून त्यांनी विषय बंद केला. मामा गालातल्या गालात हसत होते.

आता तुम्ही म्हणाल, एका चुन्याच्या डबीसाठी एवढा पसारा? बरोबर. म्हणूनच मी तुम्हाला दायमाबादला नेतो. बंड्याने जी चूक भंगाराच्या पोत्यात केली, तीच चूक मोठ्या प्रमाणात झाली तर काय होतं, ते तिथे दिसतं. आणि तिथे चूक म्हणावं असं कुणी काही केलंही नव्हतं.

दायमाबाद म्हणजे अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या काठावरचं आता ओसाड असलेलं ठिकाण. १९५८ मध्ये बी. पी. बोपर्डीकरांनी ते शोधलं आणि लगेच म. न. देशपांडे यांच्या देखरेखीखाली तिथे पहिलं उत्खनन झालं. म्हणजे ही जागा जुनी आहे हे माहीत होतं. १९७४ मध्ये छबू लक्ष्मण भिल नावाचे स्थानिक शेतकरी एका झुडपाच्या बुंध्याशी खणत होते. हाताला लागल्या चार धातूच्या वस्तू. एक रथ, त्याला जुंपलेले दोन बैल, हाकणारा माणूस उभा, आणि दांडीवर चक्क एक कुत्रा. एक चाकांवरचा रेडा. एक हत्ती. एक गेंडा. सगळं भरीव ओतकाम. रथ सुमारे ४५ सेंटीमीटर लांब. चारही मिळून वजन साठ किलोच्या वर.

क्षणभर त्या जागी उभे राहा. झुडपाच्या मुळाशी गेंडा! प्रवरेच्या काठी आज कुणी गेंडा बघितलाय? त्याला चाकं का? खेळणं म्हणावं तर इतकं जड कोण ओढणार? देव म्हणावा तर कुठला? साठ किलो तांब्याचा भंगारातला भाव त्या काळातही छोटा नव्हता. त्या वस्तू भट्टीत गेल्या नाहीत, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे पोचल्या, हे आपलं नशीब. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दायमाबादचे ब्राँझ बघा. काळा घोड्यापासून चालत पाच मिनिटं. हत्तीसमोर मी अर्धा तास उभा होतो. गार्डने दोनदा येऊन बघितलं.

आता मुख्य प्रश्न. या वस्तू किती जुन्या?

म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि एस. ए. साळी या अभ्यासकांनी त्या उत्तर हडप्पा काळातल्या मानल्या, म्हणजे साधारण चार हजार वर्षांपूर्वीच्या. तसं असेल तर सिंधू संस्कृतीचा धागा थेट प्रवरेपर्यंत येतो, आणि आपल्या राज्याचा इतिहास किती मागे न्यायचा हे ठरवणारा तो पुरावा ठरतो. पण डी. पी. अगरवाल यांनी धातूचं रासायनिक विश्लेषण बघून शंका घेतली. या वस्तूंमध्ये आर्सेनिक एक टक्क्याहून जास्त आहे, आणि आपल्याकडच्या ताम्रपाषाण काळातल्या इतर वस्तूंमध्ये असा मिश्रधातू दिसत नाही. त्यामुळे त्या बऱ्याच नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्याही असू शकतात, असं त्यांचं म्हणणं. हा वाद आजही मिटलेला नाही.

इथे बऱ्याच जणांचा प्रश्न असतो, कार्बन डेटिंग का नाही करत? कारण धातूचं होत नाही. कार्बन डेटिंगला कधीकाळी जिवंत असलेलं काहीतरी लागतं: लाकूड, कोळसा, हाड, धान्य. तांब्याच्या हत्तीचं वय त्याच्या शेजारी पडलेला कोळशाचा तुकडा सांगतो, किंवा त्याच थरातलं मडक्याचं खापर. दायमाबादला वस्तीचे पाच थर एकावर एक आहेत. सर्वात खाली सावळदा संस्कृती, मग उत्तर हडप्पा, मग दायमाबाद संस्कृती, माळवा आणि वर जोर्वे. प्रत्येकाची खापरं वेगळी, रंग वेगळा, नक्षी वेगळी. तो हत्ती कुठल्या थरातून निघाला हे पुरातत्त्वज्ञाच्या डोळ्यांसमोर टिपलं गेलं असतं तर भांडायला फारसं काही उरलं नसतं.

आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगायचं तर थर म्हणजे गिटचा लॉग. फाइल आहे, पण कमिट हिस्टरी उडालीय. फाइल उघडते, चालते, सुंदरही आहे. कुणी लिहिली, कधी लिहिली, कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर, हे आता कोडच्या स्टाइलवरून ओळखायचं. अभ्यासकांनी नेमकं तेच केलं. बैलांची घडण बघितली, धातू बघितला, आसपास पुन्हा खणलं. १९७५ ते १९७९ साळींच्या नेतृत्वाखाली तिथे मोठं उत्खनन झालं. त्यातून थरांचा क्रम नीट कळला. पण १९७४ चा तो खड्डा परत भरून पुन्हा खणता येत नाही.

शैलीवरून ओळख पटतच नाही असं नाही हं. कोल्हापूरला पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४० च्या दशकात पोसायडनची ब्राँझची छोटी मूर्ती मिळाली. पोसायडन म्हणजे ग्रीकांचा समुद्रदेव. आपल्याकडे कोण ओळखणार त्याला? पण ती घडण भूमध्य समुद्राकडची, हे जाणकाराला बघताक्षणी कळतं. आणि ती एकटी नव्हती, सोबत इतरही ब्राँझच्या वस्तू होत्या, जागा सातवाहन काळातल्या वस्तीची. त्यामुळे रोमशी व्यापाराच्या काळात ती इथवर आली, ही गोष्ट जुळते. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ती आहे. महालक्ष्मीचं दर्शन झाल्यावर बहुतेक लोक थेट तांबडा-पांढरा शोधायला निघतात. वाटेत टाऊन हॉल करा एकदा.

आता कायदा, जो एपिसोडमध्ये बोअरवेलने गिळला.

भारतीय निखात निधी कायदा, १८७८ सालचा. निखात निधी म्हणजे जमिनीत लपवलेली, काहीही किंमत असलेली वस्तू. किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल तर सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. दहा रुपये, १८७८ चे! तेव्हा ती मोठी रक्कम होती. न कळवता दाबून ठेवलं तर आपला हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं तर? चौकशीत कुणी मालक निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर पाऊण हिस्सा सापडणाऱ्याचा, पाव जागेच्या मालकाचा. सरकारला ती वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन घेता येते. मला यातली शेवटची तरतूद खटकते. दायमाबादच्या हत्तीची किंमत तांब्याच्या भावावर वीस टक्के? पण 'सरकारजमा होईल, काही मिळणार नाही' ही पारावरची समजूतही पूर्ण खरी नाही, हे कळावं म्हणून सांगितलं.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेषांचा. शंभर वर्षांहून जुन्या नाणी, मूर्ती, कलावस्तू यात येतात. परवान्याशिवाय त्यांचा धंदा करता येत नाही आणि खासगी माणसाला त्या परदेशी पाठवता येत नाहीत. इन्स्टावर 'जुनी नाणी विकत घेतो, डीएम करा' म्हणणाऱ्यांना हा कायदा विचारून बघा, उत्तर येतं का ते. आणि किल्ल्यांवर, लेण्यांजवळ, संरक्षित जागी मशीन घेऊन जाऊच नका. तिथे खणणं हा सरळ गुन्हा आहे. बंड्याच्या डोक्यात अजिंक्यतारा होता, मी त्याला बसवून समजावलं.

आमच्या डबीचं काय? ती मामाच्या घरात, मामाच्याच घराण्यातल्या कुणाच्या तरी हातून पडलेली. कुणी पुरून ठेवलेला तो निधी म्हणता येणार नाही. पण हंडा निघाला असता, मूर्ती निघाली असती, नाण्यांचा ढीग निघाला असता तर तो तहसीलदारांमार्फत वर कळवायचा विषय झाला असता, हे बंड्याला आता पटलंय. निदान तो तसं म्हणतोय.

तुम्हाला शेतात, परड्यात, विहिरीच्या गाळात असं काही दिसलं तर हात लावायच्या आधी फोन काढा. वस्तू जागेवर असतानाच फोटो घ्या, शेजारी पट्टी किंवा निदान पेन ठेवून. मग खड्ड्याचा, मग लांबून, घर किंवा झाड दिसेल असा. लोकेशन ऑन ठेवा. किती खोल होतं ते लिहा. शेजारची खापरं, कोळसा, हाडं, गंजलेलं लोखंड फेकू नका, वेगळ्या पिशवीत तारीख घालून ठेवा. धुवू नका, घासू नका, झाकण उघडू नका. आणि एकापेक्षा जास्त वस्तू दिसल्या तर खणणंच थांबवा. विचारायला माणसं आहेत: राज्याचं पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालय, पुण्याचं डेक्कन कॉलेज, नाणी-कागदपत्रांसाठी भारत इतिहास संशोधक मंडळ. साताऱ्याला शिवाजी महाराज संग्रहालय आहेच. ग्रुपवरचा काका सर्वात शेवटी.

आजींचा शेवट सांगायचा राहिला. रविवारी मी निघताना त्या ओट्यावर बसल्या होत्या. अडकित्त्याचा तो पाय मांडीवर, हाताने फिरवत. मला म्हणाल्या, "ह्यो माझ्या सासऱ्यांचा नव्हं. सासूबाईंचा. त्या चोरून खायच्या. सोप्याच्या भिंतीत कोनाडा होता, त्यात ठेवायच्या, पुरुष माणसं रानात गेली की." मग माझ्याकडे बघून, "हे तुझ्या मोबाइलवर सांगू नको."

मी विचारलं, सांगू का? दोन दिवसांनी मामांच्या फोनवरून होकार आला, म्हणून लिहितोय.

म्हणजे मी जो पाव्हण्यांच्या बैठकीचा निष्कर्ष काढला होता, तोही अर्धा चुकीचाच. डबी पडली नव्हती, लपवलेलीच होती. भिंत पडली तेव्हा कोनाड्यासकट खाली आली असणार. आता ती लपवलेली म्हटल्यावर १८७८ चा कायदा लागू होतो का, हे एका वकील मित्राला विचारलंय. तो अजून हसतोय.

परवा बंड्याचा परत मेसेज आला. तीन फोटो. एक रिकामा खड्डा, शेजारी शाळेची पट्टी. तोच खड्डा, मागे शेवग्याचं झाड. आणि कागदाची चिठ्ठी, तारखेसकट: 'खोली १४ सेमी. काय घावलं नाही.'